केनियात सफारी आणि बीच एकाच ट्रिपमध्ये कसं बसवायचं (मसाई मारा किंवा त्सावोचं जंगल, आणि मग डियानी बीच)

केनियाची पॅकेजेस बघायला घेतली की बहुतेक ठिकाणी एकच साचा दिसतो, नैरोबी, अंबोसेली, नाकुरू, नैवाशा, मसाई मारा आणि परत नैरोबी, सगळं सात-आठ दिवसांत, म्हणजे रोज सकाळी बॅग भरायची आणि रोज पाच-सहा तास गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. समुद्राचं त्यात नावच नसतं. आणि केनियाला तर हिंदी महासागराचा मस्त किनारा आहे, मोम्बासाच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर डियानी बीच आहे, पांढरी बारीक वाळू, पुढे प्रवाळाची रांग आणि मागे झाडीत माकडं. दोन पार्क कमी करा आणि तेवढे दिवस तिथे द्या, माझं सरळ मत आहे.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. जंगलात मजा येतेच, बीचवरही येतेच, ट्रिपची वाट लागते ती मधल्या दिवशी. जंगलातून समुद्राकडे कसं जायचं हे आधी ठरवलं नाही तर एक अख्खा दिवस, कधी दीड, नुसता रस्त्यात जातो. म्हणून खाली सगळं त्या जोडणीच्या हिशोबाने लिहिलंय, हॉटेल वगैरे नंतर.

स्टेप 1: आधी महिना ठरवा

इथे आपली शाळेची सुट्टी आणि तिकडचा पाऊस जमत नाही. एप्रिल-मे म्हणजे तिकडचा मोठा पाऊस. माराची माती आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीसारखीच चिकट, चांगल्या लँड क्रूझरपण रुततात, काही कॅम्प बंद असतात, आणि समुद्रावर तेव्हा दक्षिणेकडचा वारा सुरू झालेला असतो, त्याला तिकडे कुसी म्हणतात. हा वारा साधारण सप्टेंबरपर्यंत राहतो, पाणी खवळलेलं आणि किनाऱ्यावर समुद्री शेवाळाचे ढीग. पोहता येत नाही असं नाही, पण फोटोत बघितलेलं निळंशार काचेसारखं पाणी मिळेलच असं नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत उलटा, उत्तरेकडून येणारा कास्काझी वारा असतो. तेव्हा समुद्र शांत, स्नॉर्केलिंगला बेस्ट. मारामधलं ते प्रसिद्ध मायग्रेशन, म्हणजे टांझानियाकडून येणारे विल्डबीस्टचे कळप, ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. म्हणजे दोन्ही एकाच वेळी शंभर टक्के मिळणं अवघड आहे, तडजोड करावी लागते.

दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर उत्तम, कळप अजून थोडेफार असतात आणि समुद्र निवळायला लागलेला असतो. नोव्हेंबरात आली तर छोटा पाऊस सुरू असतो पण तो बहुतेक वेळा सर येऊन जाते तसा, त्याने ट्रिप काही बुडत नाही. शाळेची भानगड नसेल, म्हणजे दोघंच जाणार असाल किंवा रिटायर आई-बाबांना घेऊन जाणार असाल, तर डोळे झाकून जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी घ्या. मायग्रेशन तेव्हा टांझानियातल्या सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतं, माराला नाही, पण सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ हे काही कुठे जात नाहीत, ते तिथलेच रहिवासी. आणि पैशाचा मोठा फरक पडतो, तो पुढे सांगते.

स्टेप 2: मारा की त्सावो

सगळे मारा मारा करतात आणि ते चुकीचं नाही. पहिल्यांदाच आफ्रिका बघताय, सिंह-चित्त्यांसारख्या मोठ्या मांजरी बघायच्याच आहेत, उघडं गवताळ मैदान पाहिजे, तर माराच. पण मारा पश्चिमेला टांझानियाच्या सीमेवर आणि डियानी पार दुसऱ्या टोकाला, मध्ये अख्खा देश. त्सावो मात्र नैरोबी-मोम्बासा रस्त्यावरच आहे. जोडणीचा विचार केला तर त्सावोसारखं सोयीचं दुसरं जंगल नाही.

माराच्या फीचा हिशोब आधी करून घ्या. 2024 पासून परदेशी मोठ्या माणसाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर. नुसती पार्कची फी हां, गाडी-कॅम्प वेगळं. दोघांचे तीन दिवस धरले तर फेब्रुवारीत 600 आणि ऑगस्टमध्ये 1200 डॉलर. त्यात तिकीट 24 तासांचं नाही, सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच. पार्कच्या आत राहिलात तर निघायच्या दिवशी सकाळी 10 च्या आत गेटबाहेर पडायचं, नाहीतर अजून एका दिवसाची फी बसते. मुलांना कमी पडते, पण एजंटकडून वयानुसार लिहून घ्या. मारा घेतलात तर तीन रात्री घ्या, दोन रात्रींत एकच पूर्ण दिवस हातात येतो.

माराला लागून कॉन्झर्व्हन्सी आहेत, मसाई लोकांच्या जमिनी भाड्याने घेऊन चालवलेल्या. तिथे गाड्या कमी, रात्रीची सफारी आणि पायी फिरणंही होतं, पार्कात ते चालत नाही. महाग पडतं. पण एका सिंहिणीभोवती वीस गाड्या आणि प्रत्येक छतातून मोबाईल वर, हे बघायचं नसेल तर पैसे वसूल.

आता त्सावो. हा पार्क दोन भागांत आहे, ईस्ट आणि वेस्ट, 1948 चा. नुसता ईस्टच 13 हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, मारा रिझर्व्ह साधारण 1500. एवढा मोठा म्हटल्यावर गाड्या विखुरलेल्या असतात, तासभर दुसरी गाडी दिसत नाही असंही होतं. प्राणी मारापेक्षा शोधावे लागतात, झुडपं जास्त आहेत, हे आधीच मान्य करून जा. पण हत्ती! त्सावोची माती विटेसारखी लाल आणि हत्ती तीच अंगावर उडवून घेतात, त्यामुळे अख्खा कळप लालभडक. पाणवठ्यावर दुपारी तीन-चारला बसा, आधी कडेच्या झुडपातून एक म्हातारी हत्तीण येते, थांबते, सोंड वर करून वास घेते, मग मागून रांग. पिल्लं सरळ चिखलात घुसतात. बाहेर येतात तेव्हा पोटापर्यंत ओली, गडद, आणि वरची पाठ अजून कोरडी तांबूस, दोन रंगांची. वॉय गावाजवळच्या काही लॉजमधून हे व्हरांड्यात चहा पीत दिसतं, गाडीसुद्धा लागत नाही. आई-बाबांसाठी हे फार सोयीचं.

त्सावोचा आपल्याशी एक जुना संबंधपण आहे. 1898 मध्ये इंग्रज मोम्बासाहून आत रेल्वे नेत होते, त्सावो नदीवरच्या पुलाचं काम करायला हिंदुस्थानातून मजूर नेले होते, आणि दोन सिंहांनी महिनोन्‌महिने तंबूंतून माणसं ओढून नेली. पॅटरसन नावाच्या इंजिनियरने शेवटी दोघांना मारलं, ते आता शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेत. किती माणसं मेली यावर अजून वाद आहे. दोन्ही सिंहांना आयाळ नव्हती, आणि आजही त्सावोतल्या बऱ्याच नरांना ती विरळ किंवा नसतेच, त्यामुळे नर समोर असून सिंहीण समजून पुढे जाणारे खूप असतात.

स्टेप 3: जोडणी

ही स्टेप नीट वाचा, बाकी एकवेळ चाळली तरी चालेल. तीन रस्ते आहेत.

पहिला, मारा आणि विमान. नैरोबी ते मारा गाडीने पाच-सहा तास, वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा बघायला मिळतो, नारोक गावानंतर कॅम्पकडे जाताना शेवटचा पट्टा खडबडीत. जाताना गाडीने जा, नजारा आहे, पण मारातून किनाऱ्याला गाडीने जायचा विचारही करू नका. मारातल्या धावपट्टीवरून छोटं विमान, ते नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टला, आणि तिथून उकुंडाला. उकुंडा म्हणजे डियानीचीच धावपट्टी, हॉटेल तिथून दहा-पंधरा मिनिटं. सीझनमध्ये काही कंपन्या मारा ते किनारा एकाच तिकिटात नेतात, मध्ये दोन-तीन धावपट्ट्यांवर उतरत, एसटीसारखं. सकाळी सिंह बघून संध्याकाळी समुद्रात पाय, हे खरंच होतं. पण या विमानांत सामान माणशी 15 किलो, हँडबॅग धरून, आणि बॅग मऊ पाहिजे. कडक ट्रॉली बॅग ते घेत नाहीत, कारण पोटाचा कप्पा छोटा आणि वाकडा असतो. ही गोष्ट मुंबईत बॅग भरतानाच माहीत हवी, विल्सनला कळून उपयोग नाही.

दुसरा, त्सावो आणि रेल्वे, आणि माझा कौल यालाच. 2017 पासून नैरोबी-मोम्बासा नवीन रेल्वे आहे, मदाराका एक्सप्रेस. सकाळची गाडी मधल्या स्टेशनांवर थांबते, ती दुपारपर्यंत वॉयला सोडते आणि वॉय म्हणजे त्सावो ईस्टचा दरवाजाच. गाईड गाडी घेऊन स्टेशनवर उभा राहील असं बुकिंगमध्ये लिहून घ्या, म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळची सफारी मिळते. नैरोबीचं टर्मिनस गावात नाही, स्योकिमाऊला आहे, एअरपोर्टच्या बाजूला, त्यामुळे आदल्या रात्री एअरपोर्टजवळच राहा. तासभर तरी आधी पोचा कारण तपासणी कडक आहे, सगळ्यांच्या बॅगा जमिनीवर ओळीत मांडायच्या, आपण मागे सरकायचं आणि पोलिसांचा कुत्रा एकेक बॅग हुंगत जातो, मग स्कॅनर. तिकीट पूर्ण प्रवासाचं 2024 पासून साध्या वर्गाला 1500 शिलिंग आणि फर्स्ट क्लासला 4500, साधा वर्ग व्यवस्थित एसी आहे, फर्स्टची गरज नाही. सुट्टीच्या दिवसांत लवकर भरते. पैसे भरताना एमपेसा, म्हणजे तिकडच्या मोबाईल नंबरवरून पैसे भरायची सोय, मागतात आणि आपलं कार्ड अडतं, म्हणून तिकीट सफारीवाल्यालाच काढायला सांगा. रूळ पार्कातूनच उंच भरावावरून जातात, खाली हत्तींना जायला बोगदे ठेवलेत, खिडकीतून नजर ठेवा.

त्सावोतून डियानीला मग गाडीनेच, साधारण तीन-चार तास. यात एक गोम होती ती आता बरीच सुटलीये. मोम्बासा शहर बेटावर आहे आणि दक्षिणेला जायला लिकोनीची फेरीबोट लागायची, तिथे गाड्यांची ही रांग, कधी कधी तास-दोन तास. आता डोंगो कुंडूचा बायपास झालाय, त्याने शहरात न शिरता मिरितिनीकडून थेट दक्षिण किनाऱ्यावर उतरता येतं. ड्रायव्हरला स्पष्ट सांगा, बायपासने ने. पायी माणसाला फेरी फुकट आहे आणि एकदा मजा म्हणून करायला हरकत नाही, पण सामान घेऊन नाही.

तिसरा रस्ता म्हणजे उलट करायचं, थेट डियानीला जाऊन राहायचं आणि तिथून एक रात्र, जमलं तर दोन रात्री त्सावो ईस्टला जाऊन यायचं. लहान मुलं असतील, किंवा घरात एकालाच जंगलाची हौस असेल तर हे चांगलं. एका दिवसात जाऊन येणाऱ्या टूर विकतात त्या मात्र घेऊ नका, पहाटे चारला निघून रात्री परत, आणि जंगलात भर उन्हात, जेव्हा प्राणी सावलीत झोपलेले असतात.

बाकी दोन्ही प्लॅनमध्ये क्रम जंगल आधी, समुद्र नंतर. सफारीत रोज साडेपाचला उठणं, धूळ, धक्के, अंग आंबून जातं. त्यानंतर बीच हवाहवासा वाटतो. आधी बीचवर लोळून मग पहाटे उठायला कोणी तयार होत नाही, घरच्यांना विचारा.

दिवसांचं गणित असं धरा: नैरोबी 1 रात्र, जंगल 3, डियानी 4, परतताना नैरोबी 1. याच्या खाली गेलात तर एक भाग काढून टाका सरळ. मारा आणि त्सावो दोन्ही पाहिजे असेल तर वर अजून तीन रात्री लागतात.

स्टेप 4: कागदपत्रं आणि लस

व्हिसा नाही, जानेवारी 2024 पासून ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी आहे, ऑनलाइन, 30 डॉलर आणि वर थोडा चार्ज. मुलांचाही वेगळा काढावा लागतो. गुगलवर शोधलं की वर खासगी साइट येतात, त्या दुप्पट-तिप्पट घेतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी गो डॉट केई असतं, तेवढं बघा. हॉटेल आणि तिकिटाचे कागद अपलोड करावे लागतात, शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

यलो फीवरची लस हा खरा मुद्दा. केनियाने विचारो न विचारो, भारतात परत येताना आपलेच अधिकारी मुंबईत पिवळं कार्ड, म्हणजे या लशीचं सर्टिफिकेट मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. दुबई-दोहामार्गे आलात तरी सुटका नाही. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, तिथे बहुतेक ठिकाणी ठराविक वारी आणि अपॉइंटमेंटने, आणि प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी घेतलेली पाहिजे. तिकीट काढलं की त्याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. वय साठच्या वर असेल, अंड्याची ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा बाळ अगदी लहान असेल तर ही लस चालेल का ते डॉक्टरांना तिकीट काढायच्या आधी विचारा, नंतर नाही. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या, मारा, त्सावो, किनारा तिन्हीकडे मलेरिया आहे.

स्टेप 5: सफारीवाल्याला काय विचारायचं

कोट मागवलात की आकडा बघू नका, आत काय आहे ते बघा. पार्कची फी धरली का, किती दिवसांची? गाडी फक्त आपली की बाहेरची माणसं बसणार? लँड क्रूझर की छत उघडणारी व्हॅन? कॅम्प गेटच्या आत की बाहेर, बाहेर असेल तर गेटपर्यंत किती वेळ? माझा अनुभव, सगळ्यात स्वस्त कोटमध्ये कॅम्प गेटपासून तासभर लांब निघतो, म्हणजे सकाळचा सोन्यासारखा तास गेला. मधल्या ट्रान्सफरची जबाबदारी कोणाची हेही लेखी घ्या, कारण सफारीवाला म्हणतो आमचं काम वॉयला संपलं आणि हॉटेल म्हणतं आमची गाडी मोम्बासातून. केनियात टूर ऑपरेटरांची काटो नावाची संघटना आहे, तुमचा माणूस त्यात आहे का ते तपासा. ड्रायव्हर-गाईडला टीप दिवसाला गाडीमागे 10 ते 15 डॉलर धरून चाला.

व्हेज असाल तर काळजी नको. नैरोबी-मोम्बासात गुजराती वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, कॅम्पच्या स्वयंपाक्यांना जैन जेवणसुद्धा माहीत असतं, फक्त आधी कळवा. किनाऱ्यावर तर चपाती, सामोसे, पिलाव रस्त्यावर मिळतं.

स्टेप 6: बॅग

प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर 2017 पासून बंदी आहे आणि दंड जबर आहे. आपल्याकडे चपला एका पिशवीत, ओले कपडे दुसऱ्या पिशवीत, ही सवय घरीच सोडा, कापडी पिशव्या घ्या. भाकरवडीचं कंपनीचं सीलबंद पाकीट चालतं, मोकळं फरसाण डब्यात भरा. पार्कात तर पाण्याची एकदा वापरायची बाटलीही चालत नाही, स्टीलची न्या. मिलिटरी छापाचे कपडे अजिबात नकोत, सामान्य माणसाने ते घालणं तिकडे बेकायदा आहे.

माराला स्वेटर लागतोच, उंची दीड हजार मीटरच्या वर, सकाळी उघड्या छतातून वारं लागलं की दात वाजतात. त्सावो आणि डियानी मात्र गरम. प्लग तीन चौकोनी पिनांचा, इंग्लंडचा. दुर्बीण माणशी एक, यावरून घरात भांडणं होतात. आणि पाण्यात घालायचे रबरी बूट, कशाला ते खाली येतंय.

स्टेप 7: डियानीत पोचल्यावर

इथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून दिवस आखायचा. कोकणातल्यांना सांगायला नको, पण इथे फरक मोठा आहे, ओहोटीला पाणी पार लांब प्रवाळापर्यंत मागे जातं, पोहायला गुडघाभरही राहत नाही. तेव्हा पोहायचं नाही, चालत जायचं. डबक्यांत तारामासे, छोटे खेकडे, आणि काळ्या लांब काट्यांचे समुद्री अर्चिन, पाय पडला की काटा आत मोडतो, म्हणून ते बूट. एक स्थानिक माणूस बरोबर घ्या आणि पाणी परत चढायच्या आत फिरा. पोहणं भरतीला. हॉटेलच्या रिसेप्शनवर वेळा लिहिलेल्या असतात.

एक दिवस शिमोनीला जा. तिथून बोटीने किसिते-म्पुन्गुती मरीन पार्क, डॉल्फिन दिसायची चांगली शक्यता, स्नॉर्केलिंग, आणि मग वासिनी बेटावर जेवण. शांत समुद्राचे महिने असतील तरच, कुसीच्या वाऱ्यात बोट फार हलते. जंगलाची तहान राहिली असेल तर शिंबा हिल्स तासाभरावर आहे, तिथे सेबल नावाची काळी, मागे वळलेल्या शिंगांची हरणं आहेत, केनियात दुसरीकडे कुठे जंगलात मिळत नाहीत.

हॉटेलच्या झाडांवर काळी-पांढरी कोलोबस माकडं दिसतील. डियानीच्या मुख्य रस्त्यावर त्यांना ओलांडायला वरून दोरीच्या शिड्या बांधल्यात, नजर वर ठेवा. खायला काही देऊ नका. बाल्कनीचं दार बंद ठेवा, कोलोबस तसे सभ्य आहेत, बाकीची माकडं नाहीत. बीचवर विकणारे मागे लागतात, हसून "हापाना असांते" (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि चालत राहायचं, थांबलात की संपलं. आणि अंधार पडल्यावर बीचवर फिरू नका.

अर्धा दिवस काढून मोम्बासाचा फोर्ट जीझस बघा. पोर्तुगीजांनी 1593 मध्ये बांधायला घेतला, आराखडा करणारा इटालियन कैराती हा गोव्यातून कारभार बघणारा त्यांचा मुख्य स्थापत्यकार, आणि हा किल्ला चालायचाही गोव्याच्या हुकमाने. 1698 मध्ये ओमानी अरबांनी तो घेतला. वसई, चौल बघितलेल्यांना बुरूज ओळखीचे वाटतील.

परतताना

डियानीहून निघून त्याच दिवशी मुंबईचं विमान पकडायचा प्लॅन करू नका. उकुंडाचं विमान बहुतेकदा विल्सनला उतरतं, मोठं विमान जोमो केन्याटा या मोठ्या एअरपोर्टहून, मधलं ट्रॅफिक नैरोबीचं. एक रात्र नैरोबीत ठेवा, आणि विमान दुसऱ्या दिवशी दुपारनंतरचं असेल तर सकाळी 11 ला शेल्ड्रिक ट्रस्टचं अनाथ हत्तींचं केंद्र बघून होतं, तासभराचंच असतं, बुकिंग बरंच आधी करावं लागतं. हीच पिल्लं मोठी झाली की त्सावोच्या बाजूला नेऊन जंगलात सोडतात, त्यामुळे त्सावो करून आलेल्यांना हे बघायला जास्त मजा येते.

शिलिंग संपवून टाका, मुंबईत कोणी चांगला भाव देत नाही. आणि पिवळं कार्ड मोठ्या बॅगेत टाकू नका, पासपोर्टमध्येच ठेवा, मुंबईत सामान मिळायच्या आधीच ते मागतात.